बांधाला आवतण नसतं

राघोने विधानसभेला उभं राहायचं ठरवलं, ते नेमकं मिठाच्या ऐन हंगामात. त्याची बायको शेवंती हिला सगळ्यात आधी तेच खटकलं. निवडणूक आज गेली तर पाच वर्षांनी परत येईल, पण मीठ कुणासाठी थांबत नाही. वाऱ्याने आणि उन्हाने वाफ्यातलं पाणी आटून तळाला पांढरं धरलं, की ते ओढून बाहेर काढलंच पाहिजे. चार दिवस दुर्लक्ष केलं तर ते तळाशी असं घट्ट बसतं, की मग माणसाची कंबर मोडते पण मीठ सुटत नाही.

ते बासष्ट साल होतं. खारी गावाच्या चहूबाजूंनी तेव्हा मिठागरंच होती आणि पलीकडे खाडी. गावातलं प्रत्येक घर मिठावर नाहीतर खाडीवर जगणारं. राघो मिठागरातल्या कामगारांचा पुढारी होता. मजुरीसाठी त्याने एक संप जिंकून दाखवला होता, आणि खाडीच्या तोंडचा मोठा बांध सरकारने दगडाचा बांधून द्यावा म्हणून ठाण्याच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते, की तिथला शिपाई त्याला नावाने ओळखायचा. बांध मात्र मातीचा तो मातीचाच राहिला. शेवटी काशीमिऱ्याच्या चार मंडळींनी त्याच्या डोक्यात भरवलं, की अर्ज करणाऱ्याला कोण विचारतो, आमदार हो म्हणजे तुझ्याकडे अर्ज येतील. राघोला ते पटलं. पटण्यासारखंच होतं म्हणा. शेवंतीलाही पटलं होतं. दर पावसाळ्यात खारं पाणी भातात शिरताना तिनेही डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग राघोच्या वाटचे वाफे तिच्याकडे आणि त्याचा धाकटा भाऊ धाकू याच्याकडे आले. धाकू लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढून काठाला आणायचा, शेवंती ते पाटीत भरून डोक्यावरून राशीवर टाकायची. पाटीतून निथळणारं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि चोळीच्या कडेने कातडी सोलवटून काढायचं. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ती संध्याकाळी पायांना खोबरेल लावत बसायची तेव्हा राघो धुतलेला सदरा घालून जीपमधून उतरायचा. त्याचेही पाय दुखत असायचे, नाही असं नाही. पण दुखण्या-दुखण्यात फरक असतो.

शेवंती गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई आल्याशिवाय हळद लागत नाही. खारीपासून राई-मुर्ध्यापर्यंत कितीतरी नवरा-नवरी तिच्या गाण्यावर बोहल्यावर चढली होती. त्यामुळे मानपान म्हणजे काय, कोण कशाने रुसतं आणि कशाने हसतं, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. लग्नघर आणि शेजारघर यांच्यात एकच भिंत असली, तरी यजमानाने उठून, वळसा घालून शेजाऱ्याच्या दारात जायचं, सुपारी ठेवायची, नाव घेऊन "येवा" म्हणायचं. सख्ख्या भावालासुद्धा हे चुकत नाही. आवतण आलं नाही तर भाऊ मांडवात पाय ठेवत नाही, आणि गाव म्हणतं, बरोबर आहे त्याचं.

म्हणून प्रचाराच्या सुरुवातीलाच तिने राघोला सांगितलं होतं, की उत्तनला जा, घोडबंदरला जा, पण आधी आपल्या गावात दारोदार फिरा. राघो हसला होता.

"आपल्या गावाला कसलं आवतन? ह्ये काय माजं लगीन हाय? गावाचा बांध फुटायला आलाय म्हनून मी उभा हाय. बांधाला आवतन नसतं, शेवंते. हाक मारली का सगली येतान."

ते खोटं नव्हतं, आणि तिथेच ती गप्प झाली. खारीची रीतच तशी होती. उधाणाला बांध फुटला, की ज्याला दिसेल त्याने हाक द्यायची आणि ज्याला ऐकू येईल त्याने असेल तसं पळायचं. कुणाचा वाफा, कुणाचं शेत, कुणाशी कुणाचं बोलणं बंद, तिथे काही विचारायचं नाही. काम झालं की पाय धुऊन आपापल्या घरी जायचं. हाक घालायला मान लागत नाही आणि यायलाही लागत नाही.

पण गावाला राघोची निवडणूक बांधासारखी दिसत नव्हती. गावाला दिसत होती जीप, जीपवरचा भोंगा आणि राघोच्या गळ्यातला झेंडूचा हार. शिडी ही त्याची निशाणी. समोरच्या घरची सरूबाई, म्हणजे जुन्याजाणत्या महिपतकाकाची बायको, विहिरीवर एकदा म्हणाली, की चढणारा एकटाच, आम्ही आपली खाली शिडी धरायची. बायका हसल्या. शेवंतीही हसली, आणि घागर उचलताना तिच्या लक्षात आलं, की हसणं थांबल्यावर कुणी पुढे काही बोललं नाही. एरवी विहिरीवरचं बोलणं घागरी भरल्या तरी संपत नसे.

जीप रोज गावातून जायची. खारीचा रस्ता तो काय, धुळीचा पट्टा. भोंगा काशीमिऱ्याच्या वाटेला लागल्यावर सुरू व्हायचा, कारण आपल्या गावात ओरडायचं कशाला, असा राघोचा हिशेब. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर धूळ उडायची आणि राघो आतून हात हलवायचा. महिपतकाका पंच्याने तोंड पुसायचा. त्याने राघोला लहानपणी खाडीत पोहायला शिकवलं होतं. जीप गेल्यावर तो त्या दिशेने बराच वेळ बघत बसायचा. शेवंतीला ते बघवत नसे. ती आपल्या ओट्यावरून आत जायची.

त्या पौषात आठ ग्रह एका राशीत यायचे होते. अष्टग्रहीने जग बुडणार, ही आवई मुंबईपासून निघाली आणि खाडी ओलांडून पलीकडेही गेली. राघोच्या सभांना माणसं येईनाशी झाली. जगच बुडणार तर मत कुणाला टाकून काय उपयोग, असं लोक सरळ विचारायचे. अमावास्येच्या दिवशी तर खारीत कुणी कामावरच गेलं नाही. बाया देवापुढे बसल्या, पुरुष ओट्यावर. शेवंती मात्र धाकूला घेऊन मिठागरावर होती, कारण मीठ धरलं होतं आणि ग्रहांना ते ठाऊक नव्हतं. राघो भल्या पहाटेच उत्तनला गेला होता.

भर दुपारी अमावास्येची भरती चढली. वारा खाडीकडून होता. शेवंतीने पाटी रिकामी केली आणि सहज मोठ्या बांधाकडे पाहिलं, तर तिवराच्या झाडांमागे बांधावरून पाण्याची एक पातळ पट्टी आत उतरत होती. बघता बघता तिच्या कडेची माती सुटली. पाटी तिथेच टाकून ती बांधावर धावली, धाकूला खालच्या बाजूला पिटाळलं आणि गावाकडे तोंड करून हाक दिली. धवलारणीचा गळा तो. एका हाकेत गावाला पोचला.

जग बुडण्याची वाट बघत बसलेलं गाव उठून पळत आलं. महिपतकाका सगळ्यांच्या पुढे, धोतराचा काचा मारून. पुरुष फुटलेल्या जागी पाण्यात उभे राहिले. बायकांनी गुडघाभर चिखलात उतरून रांग धरली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जाऊ लागले. कुणी तिवराच्या फांद्या तोडून आणल्या, कुणी घरच्या गुरांचा पेंढा. पाणी चिखल खाऊन टाकत होतं आणि माणसं आणखी चिखल घालत होती. सरूबाई शेवंतीच्या शेजारीच रांगेत होती. तिच्या हातून येणारा प्रत्येक गोळा शेवंतीच्या हाती बसत होता, आणि विहिरीवर तुटलेलं बोलणं जणू त्या गोळ्यांतून चाललं होतं. भरती उतरायला लागली तेव्हा भगदाड बुजलं. माणसं चिखलाने अशी माखली होती, की कोण कोणाचा ते ओळखू येत नव्हतं.

शेवंतीच्या मनात आलं, आता बोलावं. सगळं गाव एका जागी होतं. नवऱ्यासाठी पदर पसरून चार शब्द बोलले तर कुणी नाही म्हणायचं नाही. तिने तोंड उघडलंही असतं, पण तिचं तिलाच उमगलं. नाही म्हणता येत नाही अशा जागी मागणं बरं नव्हे. ती वाकून पाय धुऊ लागली.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. राघोला वाटेत बातमी लागली होती. बांधाच्या टोकाशी जीप थांबली आणि तो धावत आला, हार गळ्यात तसाच. बुजलेलं भगदाड, चिखलाने भरलेली माणसं बघून त्याचे डोळे खरोखर भरून आले. शेवंतीने ते पाहिलं. पण गेले कित्येक दिवस सभांत बोलून बोलून त्याची जीभ एका वळणावर पडली होती. तो बांधावर उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, की ग्रामस्थ बंधूंनो, भगिनींनो, आज तुम्ही माझ्या गैरहजेरीत जे केलंत त्याबद्दल मी तुम्हा सर्वांचा अत्यंत आभारी आहे, हे उपकार मी विसरणार नाही, आणि अशीच साथ मतदानाच्या दिवशीही द्यावी.

चिखलात पाय हलल्याचा आवाज तेवढा आला. शेवंतीला वाटलं, या बुजलेल्या भगदाडात आपण उतरावं आणि वर माती ओढून घ्यावी. बांधावर कुणी कुणाचे आभार मानत नाही. आभार मानले म्हणजे देणं-घेणं मिटलं, आता तुझा बांध फुटला तर मी येईनच असं नाही, असा त्याचा अर्थ. आभार पाहुण्याचे मानतात. इथे पाहुणा कोण होता?

महिपतकाका हळूहळू पुढे आला. त्याच्या मिशांतून पाणी गळत होतं.

"बांधावर आभार मानतंस, आन दारान येत न्हायस. राघो, तुजं सगलं उलटं झालंय."

एवढं बोलून तो पाय न धुताच घराकडे चालू लागला आणि त्याच्यामागे एकेक करत गाव गेलं. राघो हार हातात घेऊन तिथे उभा राहिला.

दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता तेव्हा शेवंतीने त्याला समजावून सांगितलं. रागावून नाही. ती इतकी दमली होती, की रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. अजून पंधरवडा हातात आहे, उद्या सकाळी अंघोळ करून आपण दोघं निघू, पहिल्यांदा समोरच्या घरी जाऊ, मग वरची आळी, मग खालची. चूक झाली म्हणून सांगायचीही गरज नाही. दारात गेलं की झालं. गाव दारात आलेल्याला परत पाठवत नाही.

राघोने ऐकून घेतलं. त्याला कळलंही असावं. पण कळलेलं गिळायला घसा मोकळा लागतो. ज्या माणसांसाठी आपण संप केला, कचेऱ्या झिजवल्या, त्यांच्या दारात मत मागायला जायचं, हे त्याला भीक मागण्यासारखं वाटत होतं. तो म्हणाला, बघू. सकाळी काशीमिऱ्याची जीप आली. शेवंती नवी साडी नेसून दारात उभी होती. राघोने तिच्याकडे पाहिलं, समोरच्या घराकडे पाहिलं, आणि डोंगरीची सभा मोठी आहे, उद्या नक्की, असं म्हणत तो जीपमध्ये चढला. शेवंतीने साडी बदलली आणि मिठावर गेली. तो उद्या काही आला नाही.

मतदानाला खारीच्या बायका नटूनथटून शाळेत गेल्या. रांगेत सरूबाई शेवंतीच्या पुढे होती. दोघी मिठाबद्दल बोलल्या, सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलल्या, निवडणुकीबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलल्या. शेवंतीच्या बोटाला शाई लागली. हातात कागद आला. पडद्याआड तिने तो उघडला, तर एकाखाली एक चित्रं, आणि त्यांत शिडी. रबरी शिक्का हातात घेऊन ती थांबली. तिच्या लक्षात आलं, की या शिडीसाठी तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. वाफे सांभाळ म्हणाला होता, सदरा धू म्हणाला होता, जीपवाल्यांना चहा कर म्हणाला होता. मत दे, असं राघो तिला एकदाही म्हणाला नव्हता. आवतणाशिवाय मांडवात शिरलेल्या बाईसारखी ती अवघडून गेली. मग तिने शिडीवर शिक्का मारला, कागदाची घडी केली आणि पेटीत टाकली. बाहेर आल्यावर ऊन फार लागत होतं.

मोजणी ठाण्याला झाली. दुसऱ्या दिवशी राघो काशीमिऱ्यापर्यंत बसने आला आणि तिथून चालत, कारण जीप आता कुणी पाठवली नव्हती. तो पडला होता. पण त्याला तेवढं लागलं नव्हतं. उत्तनने त्याला मतं दिली होती, राईने दिली होती, ज्या गावांत त्याचं एकही सोयरं नव्हतं तिथेही शिडीवर शिक्के पडले होते. खारीच्या पेट्या उघडल्या तेव्हा मात्र टेबलापाशी बसलेला कारकून शिडीचा गठ्ठा बांधायला दोरी शोधत होता आणि दोरीची गरजच पडली नाही. हे सांगताना राघोचा आवाज फुटला. मिशा आलेला माणूस, पण शेवंतीसमोर भिंतीला टेकून पोरासारखा रडला. मग एकदम डोळे पुसून त्याने विचारलं.

"तू तरी दिलंस ना?"

"दिलं," शेवंती म्हणाली. "पन तुमी मना मागितलं न्हवतं."

राघो तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिने पुढे ताणलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो मिठावर जाऊ लागला. गावातून जाताना मान खाली. कुणी टोमणा मारला नाही, हे त्याला अधिक झोंबायचं. टोमणे मारले असते तर भांडता तरी आलं असतं.

चैत्रात महिपतकाकाच्या मुलीचं, चंपाचं, लग्न ठरलं. एका सकाळी शेवंती अंगण सारवत होती. समोरचं दार उघडलं आणि धुवट धोतर, डोक्याला पागोटं, अशा थाटात महिपतकाका बाहेर पडला. दोन घरांमधलं अंतर ते केवढं, पण म्हातारा लांबच्या गावाला निघाल्यासारखा सावकाश चालत आला. ओट्यावर बसला, सरूबाईने दिलेली सुपारी उंबऱ्यावर ठेवली, राघोला बाहेर बोलवा म्हणाला. शेवंतीला धवले गायला यायचं रीतसर सांगून झालं. मग तो राघोकडे वळला आणि त्याच्या बापाचं, आजाचं नाव घेऊन त्यालाही आवतण केलं. राघोला पुढे होऊन सुपारी उचलवेना.

"काका, ह्ये असं... मी काय परका हाय?"

"परका न्हाय म्हनून तर आलोय," म्हातारा म्हणाला. "परक्याला काय, पोरगा पाठवला असता. आन आयक, मी मत दिलं न्हाय तुना. वाट बघली, शेवटच्या दिसापावत. सरू म्हनायची, येल, आज येल. तू आला असतास तर मी पेटीत उडी घेतली असती रं."

राघोने वाकून त्याच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर एक थाप मारली, ती जरा जोरातच. लग्नात राघोने पाणी वाढलं, खरकटं काढलं, आणि शेवंतीचा गळा तिन्ही दिवस असा लागला, की बायका म्हणाल्या, शेवंते, आज तुला झालंय तरी काय.

पुढची निवडणूक आली तेव्हा बांध अजून मातीचाच होता. काशीमिऱ्याची मंडळी परत येऊन गेली. राघोने त्यांना हो म्हटलं की नाही, ते शेवंतीला त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. ती मनातून धास्तावली होती. पुन्हा तो हार, पुन्हा ती धूळ.

एका सकाळी राघो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडला. जीप तर आली नव्हती. शेवंती चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला, तिथून वळला आणि परत आपल्याच ओट्यासमोर येऊन उभा राहिला. मग परक्या घरी गेल्यावर माणूस खाकरतो तसा खाकरला.

"घरान हाय का कोनी?"

शेवंतीचा हात परातीतच थांबला. समोरच्या ओट्यावरून सरूबाई आणि महिपतकाका बघत होते. ती उठली, पिठाचे हात तसेच, डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्याशी आली. राघोने हात जोडले. त्याचे कान लाल झाले होते.

"मी राघो. या टायमाला परत उभा ऱ्हायलोय. गावान सगल्यांच्या दारान जायचं हाय, पयलं तुमच्या दारान आलोय. तुमचं मत मना द्यावं, येवढं मागाया आलोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, राघो तिला कधी 'तुमी' म्हणाला नव्हता. तिला एका शब्दात हो म्हणून टाकावं असं वाटलं. पण तिने आत जाऊन पाहुण्याचा पितळी पेला काढला, पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं आणि पदर सारखा केला.

"बसा," ती म्हणाली. "मना जरा इचार करू दे."

समोर सरूबाईने तोंडाला पदर लावला. शेवंती आत गेली, आणि तव्यावरच्या भाकऱ्या एकेक करून उतरेपर्यंत राघो पाहुण्यासारखा ओट्यावर बसून राहिला.